शिडी घेणारा एक, चढणारा दुसरा

वैशाख सरता सरता कोकणपट्टीतील कौलारू घरांवर माणसे चढलेली दिसतात. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्याचे हे दिवस. भिंतीला बांबूची निसण टेकवलेली असते, आणि घरधनी तिच्यावर चढण्यापूर्वी सवयीनेच तळाचा दांडा पायाने दाबून पाहतो, दोरीची बांधणी हाताने ओढून पाहतो. बांबू पोखरला असेल तर त्याचा आवाज त्याला कळतो. हे त्याला कोणत्याही सुरक्षा-सप्ताहात शिकवलेले नसते. निसण त्याची स्वतःची असते आणि चढायचेही त्यालाच असते. एवढ्या एका गोष्टीने त्याला शहाणपण आलेले असते.

पनवेलच्या पूर्वेस, गाढी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या नेरे गावाला हे दृश्य नवे नाही. परंतु या गावाच्या आसपासची भातखाचरे आता झपाट्याने इमारतींच्या पायात जात आहेत. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची, म्हणजे ‘नैना’ची, घोषणा झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. या पट्ट्यात जमिनीचे भाव किती वाढले याची चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा होते. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या भिंतींना गिलावा करणारा, रंग देणारा, विजेच्या तारा ओढणारा मजूर कशावर उभा राहून काम करतो, याची चर्चा मात्र कोठेही होत नाही.

तो बहुधा अशा शिडीवर उभा असतो की जिला शिडी म्हणणे हाच एक गौरव होय. सेंट्रिंगच्या उरलेल्या दोन वाशांवर फळ्यांचे तुकडे खिळ्यांनी ठोकले की ठेकेदाराच्या हिशेबी शिडी तयार झाली. अशा शिडीत माणसाचा सारा भार लाकडावर नव्हे, तर खिळ्यावर येतो, आणि ओल्या-सुक्या हवेत खिळा सैल होतो. पायरी सुटते ती पूर्वसूचना न देता. या शिडीला एका पैचाही खर्च आलेला नसतो. जो ती बनवण्यास सांगतो तो तिच्यावर कधी चढत नाही, आणि जो चढतो त्याला ती नाकारण्याचा अधिकार नसतो. घरच्या निसणीत एकवटलेल्या दोन भूमिका येथे फुटून निराळ्या झालेल्या असतात. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा समाजवाद्यांचा जुना प्रश्न असा दहा-बारा फूट उंचीच्या वस्तूतही दडलेला असतो.

मजूर पडला की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘निष्काळजीपणा’. ठेकेदार तो उच्चारतो, शेजारी तो उचलतात, आणि दुर्दैवाने पुष्कळदा मजुराचे सोबतीही मान डोलावतात. ‘जरा जपून चढायला नको होते का?’ असे विचारणे फार सोपे असते. १९२३ सालच्या श्रमिक नुकसानभरपाई कायद्याने, म्हणजे खुद्द ब्रिटिश राजवटीने केलेल्या कायद्याने, ही सबब मान्य केलेली नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? साध्या चुकीने किंवा क्षणभराच्या बेसावधपणाने भरपाईचा हक्क बुडत नाही. मजूर दारूच्या अंमलाखाली असेल, किंवा सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकले असेल, तरच मालकाला अंग काढून घेता येते. मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर त्या सबबीही चालत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम राहिले आहे. ज्या ठेकेदाराने शिडीविषयी एक शब्दही सांगितलेला नाही, त्याने नियमभंगाचा कांगावा कोणत्या तोंडाने करावा?

मोठे अपघात वर्तमानपत्रांत येतात. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या पहाटे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले, तेव्हा साऱ्या देशात हळहळ झाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्याच्या बाळकुम भागात बांधकामावरील लिफ्ट कोसळून सात कामगार मरण पावले, त्याचीही बातमी झाली. शिडीवरून पडणारा मजूर एकटा पडतो. तो बहुधा मरतही नाही. टाच, मनगट किंवा मणका मोडून घेऊन तो गावी परततो, आणि नाक्यावर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. यात बातमी कसली, असे संपादकांना वाटते. त्यांना दोष देण्याआधी आपल्या पक्षाच्या कामगार आघाडीच्या मागणीपत्रकांत शिडीचा उल्लेख किती वेळा आला, हेही एकदा तपासून पाहावे.

तेव्हा योग्य शिडी म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. ‘हे तांत्रिक काम आहे, ते इंजिनियर पाहतील’ ही वृत्ती उपयोगाची नाही. मुळात या कामाला शिडी चालेल का, हा प्रश्न आधी येतो. शिडी ही चढण्या-उतरण्यासाठी, फार तर थोडक्या वेळाच्या हलक्या कामासाठी असते. छिन्नी-हातोड्याने भिंत फोडायची असेल किंवा ड्रिल लावायचे असेल, तर प्रत्येक दाबाबरोबर माणूस मागे रेटला जातो. तेथे शिडी नव्हे, परांचीच बांधली पाहिजे. गिलाव्याच्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात आणि काम दिवसभर चालते, म्हणून तेथेही परांचीच हवी. ब्रिटनमध्ये २००५ साली झालेल्या उंचीवरील कामाच्या नियमांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : उंचीवर चढणे टाळता येत असेल तर टाळावे, टाळता येत नसेल तर पडणे अशक्य होईल अशी व्यवस्था करावी, तेही साधत नसेल तर पडल्यावर इजा कमीत कमी होईल असे पाहावे. शिडीची पाळी त्यानंतर येते. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. परांचीला बांबू, दोर आणि बांधणाऱ्याची मजुरी लागते, म्हणून शिडी पुढे केली जाते.

शिडीच घ्यायची ठरली, तर ती कामाच्या मापाची घ्यावी. आखूड शिडीवर शेवटच्या दांड्यावर टाचा उंचावून काम करणारा रंगारी ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा. टेकवायच्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या उभे राहण्यासाठी नसतातच, त्या हाताने धरण्यासाठी असतात. शिडीवरून गच्चीत उतरायचे असेल, तर तिची टोके गच्चीच्या कडेवर तीन फूट तरी गेली पाहिजेत, नाहीतर पाय टाकण्याच्या नेमक्या क्षणी हाताला धरायला काही उरत नाही. भार मोजताना केवळ माणसाचे वजन मोजू नये, रंगाचा डबा, हत्यारे आणि सामान त्यात धरावे. घडीची शिडी पूर्ण उघडून, तिची कडी किंवा दोर ताणला जाईल अशीच उभी करावी. ती मिटून भिंतीला टेकवणे म्हणजे तिचा दुरुपयोग होय. आणि लाकडी शिडीला जाड रंग देऊन सजवू नये. रंगाखाली तडा दिसेनासा होतो. जुने सुतार पारदर्शक तेल लावीत, ते उगाच नव्हे.

उभी करण्याचेही एक गणित आहे, आणि ते निरक्षर मजुरालाही सहज सांगता येते. चार फूट उंचीमागे एक फूट पाया बाहेर. भिंतीला शिडी बारा फुटांवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून तीन फुटांवर असावेत. याहून आत घेतली तर माणसासकट मागे उलटते, बाहेर घेतली तर पाय घसरतात. फूटपट्टी नसेल तर शिडीच्या पायाशी चवडे टेकवून ताठ उभे राहावे आणि हात सरळ समोर करावेत. तळवे खांद्याच्या उंचीवरील दांड्याला पोहोचले, की कोन बरोबर आहे असे समजावे. शिडीचे वरचे टोक पन्हळीला किंवा खिडकीच्या तावदानाला टेकवू नये. ते घट्ट बांधावे. बांधून होईपर्यंत खाली एकाने पाय रोवून शिडी धरावी. हा धरणारा ‘हेल्पर’ म्हणून कागदोपत्री असतो. प्रत्यक्षात त्यालाच नेमके त्या वेळी चहा आणायला धाडलेले असते! एका पायाखाली विटांचा तुकडा सरकवून शिडी समतोल करणे ही तर बांधकामावरील नित्याची गोष्ट आहे. पावसाळ्यात नेऱ्यासारख्या ठिकाणी खाचराची माती चार महिने मऊ असते. तीवर जाड फळी टाकल्याशिवाय शिडीचे पाय टेकवणे म्हणजे एक पाय जमिनीत रुतण्याची वाट पाहणे होय.

विजेचा विषय स्वतंत्र आहे. ॲल्युमिनियमची शिडी हलकी, टिकाऊ आणि दिसायला चांगली, म्हणून आता सर्वत्र तिचा बोलबाला आहे. परंतु ती विजेची वाहक आहे. खांबावरच्या दिव्यापाशी किंवा उघड्या तारांच्या आसपास तिला जागाच नाही. आडवी उचलून नेताना तिचे टोक तारेला लागले तरी पुरे. बांबू सुरक्षित, हा समजही कोरड्या बांबूपुरताच खरा आहे. आषाढात भिजलेला बांबू वीज वाहतो. या कामासाठी फायबरग्लासची, तीही कोरडी व स्वच्छ ठेवलेली शिडी लागते, आणि त्याआधी वीजप्रवाह बंद असल्याची खात्री लागते. नेऱ्याच्याच नव्हे, कोणत्याही ग्रामपंचायतीने रस्त्यावरचे दिवे बदलणाऱ्या आपल्या कामगारासाठी अशी एक शिडी दप्तरी ठेवणे अशक्य आहे काय?

चढणाऱ्याचे तोंड शिडीकडे, आणि दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत शिडीवर, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. पण डोक्यावर सिमेंटचे घमेले घेऊन चढणाऱ्या स्त्रीला तो कोण सांगणार? तिचा एक हात घमेल्याला, दुसऱ्या हाताने लुगडे सावरायचे. नियम तिने मोडलेला नाही, तिला काम देणाऱ्याने मोडला आहे. माल दोर आणि कप्पीने वर चढवावा, निदान उतरती फळी बांधावी. स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी देणाऱ्या ठेकेदारास कप्पीची किंमत महाग वाटावी, यात नवल नाही.

नेऱ्याचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या शांतिवनामुळे. त्या आजारात हातापायांची संवेदना हरपते तेव्हा माणसाचे काय होते, हे या परिसराला निराळे सांगायला नको. बधिर तळव्याला पायरीची कड कळत नाही, बधिर बोटांना पकड सुटल्याचे कळत नाही. मधुमेहानेही पुष्कळांचे पाय असेच बधिर होतात. नाक्यावर मात्र वय, दृष्टी, चक्कर, पायांची स्थिती यांची कोणीही चौकशी करीत नाही. जो प्रथम पुढे येईल तो वर चढतो, आणि भुकेलेला माणूस नेहमी प्रथमच पुढे येतो.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, महाराष्ट्रात २०११ मध्ये कल्याणकारी मंडळ स्थापन झाले, आणि नोंदित कामगारांना मंडळातर्फे शिरस्त्राण, बूट व सुरक्षा-पट्टा असलेला संच मिळू लागला. परंतु पट्टा अडकवायचा कशाला? टेकवलेल्या शिडीलाच तो अडकवला, तर शिडीबरोबर माणूसही कोसळतो. त्याला पक्का आधार इमारतीत करून द्यावा लागतो, आणि तो संचात मिळत नाही. शिवाय १९९६ चा कायदा दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही दहाचीच रेषा राखली आहे. दोन सोबत्यांना घेऊन एखाद्या बंगल्याला रंग देणारा माणूस या रेषेच्या बाहेर राहतो. शिडी सर्वांत जास्त वापरली जाते ती याच लहान कामांवर.

आता थोडे स्वतःच्या घरात डोकावावे. मे दिनाच्या आदल्या रात्री चौकात फलक बांधण्यासाठी आपले तरुण साथी कोणत्या शिडीवर चढतात? मंडपवाल्याकडून उसनी आणलेली, एक दांडा निखळलेली, विजेच्या खांबाला टेकवलेली, आणि खाली धरणारे चौघे घोषणांच्या मजकुरावर वाद घालीत असलेले. ‘कामगारांच्या जीविताचे रक्षण करा’ असा फलक त्या शिडीवरून बांधला जात असेल, तर तो वाचणाऱ्या ठेकेदाराला हसू आल्यास त्याला काय बोलावे? पक्षाच्या प्रत्येक तालुका कचेरीत एक धड शिडी असणे, ती वर्षातून दोनदा तपासणे आणि फलक लावण्याच्या कामी एका जबाबदार साथीला शिडीच्या पायाशी उभे करणे, याला निधी-संकलनाची मोहीम लागत नाही.

त्यापुढचे काम अवघड आहे. पनवेलच्या नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुरांत जाऊन शिडी नाकारण्याचा हक्क रुजवावा लागेल. नव्या संहितेने धोक्याची रास्त भीती वाटणाऱ्या कामगाराला मालकाकडे व निरीक्षकाकडे तसे कळवण्याचा हक्क दिला आहे, पण तो पुन्हा दहाच्या रेषेच्या आतला. रेषेबाहेरच्या मजुराने एके सकाळी ‘या शिडीवर मी चढणार नाही’ असे म्हटले, तर ठेकेदार दुसरा मजूर घेऊन जातो आणि पहिल्याचा दिवस बुडतो. नाक्यावरचे सगळेच एकदम नाही म्हणाले तरच त्या नकाराला अर्थ आहे. आणि ते तसे म्हणतील त्या दिवशी त्यांच्या घरची चूल पेटवण्याची जबाबदारी कोण उचलणार, हे पक्षाच्या तालुका समितीने मजुरांकडे जाण्यापूर्वी ठरवून ठेवले पाहिजे.