सवाबावर किती दिवस चालवाल?

20 ऑगस्ट 2024 ला बदलापूर स्टेशनवर लोक रुळांवर उतरले. शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता, तक्रार नोंदवायला पोलिसांनी तासन्‌तास लावले होते. राग रास्तच होता. मागितलं काय? फाशी आणि सीसीटीव्ही. कॅमेऱ्यांचा शासन निर्णय लगेच निघाला, आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या गोळीने मेला, काहींनी पेढेही वाटले.

पण अशा प्रत्येक प्रकरणात मूल जे बोलतं ते कुणीतरी समोर बसून ऐकतं, याचा विचार कुणी केला? समुपदेशक, बालकल्याण समितीच्या सदस्य, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली कंत्राटी कार्यकर्ती, पोक्सोच्या 2020 च्या नियमांप्रमाणे मुलासोबत कोर्टापर्यंत जाणारी सहायक व्यक्ती, बालगृहातली काळजीवाहक बाई. मुलाचा जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, हे पोक्सोत लिहिलंय. समितीने महिन्यात किमान 20 दिवस बसावं, हे बालन्याय कायद्यात लिहिलंय. ते 20 दिवस ऐकून घरी जाणाऱ्या बाईचं काय करायचं, याबद्दल आपल्याकडे शांतता.

ती बाई रात्री दचकून उठते. स्वतःच्या मुलीला रिक्षावाल्या काकांबरोबर पाठवत नाही, नवऱ्याने मुलीला मांडीवर घेतलं तरी तिच्या पोटात गोळा येतो. किंवा उलटं होतं. काहीच वाटेनासं होतं. मान खाली घालून ती भराभर फॉर्म भरते आणि समोरचं मूल गप्प होतं. याला दुय्यम आघात म्हणतात. दुसऱ्याचं दुःख सतत ऐकून ऐकणाऱ्याला होणारी ही इजा आहे. स्वभावाचा कमकुवतपणा नव्हे. आणि तिची किंमत शेवटी मूलच मोजतं.

यावर उपाय माहीत आहे. ठरलेल्या दिवशी, दर आठ-पंधरा दिवसांनी, दार लावून तासभर एका अनुभवी माणसासमोर बसायचं. एकच केस घ्यायची. ऐकताना तुला काय झालं? कोणत्या मुलाला तू टाळते आहेस? पुढच्या भेटीत काय वेगळं करशील? तिथे बोललेलं गोपनीय अहवालात जाणार नाही, ही हमी पहिली.

इंग्रजीत याला सुपरविजनच म्हणतात, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते. आम्हा बी.एड.वाल्यांना पर्यवेक्षण म्हटलं की मागच्या बाकावर बसून टाचणवहीत लाल शेरे मारणारे सर आठवतात. बाल संरक्षणातही वरिष्ठ येतात ते रजिस्टर तपासायला. किती केसेस प्रलंबित, एवढं विचारतात आणि चहा पिऊन जातात. ज्याच्या हातात कंत्राटाचं नूतनीकरण, त्याच्यासमोर कोण रडेल?

आपल्या कौमबद्दलही बोलू. यतीमखान्यातल्या बाजी थकल्या की आपण म्हणतो, सब्र करा, सवाब मिळेल. हिंदू संस्थांत हेच सेवाभाव आणि पुण्य या नावाने चालतं. शब्द वेगळे, पळवाट एकच. सवाब अल्लाह देईल, तो त्याचा व्यवहार. ट्रस्टींनी आपली जबाबदारी त्याच्या खात्यावर टाकू नये. हिरा गुहेतून प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी आले, तेव्हा ह. खदीजा (रजि.) यांनी काय केलं? चादर पांघरली. भीती ओसरू दिली, मग ऐकून घेतलं. तुम्ही नातेवाईकांना धरून राहता, दुबळ्यांचं ओझं उचलता, असे त्यांचेच गुण त्यांना सांगितले. मग जाणकार वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. सब्रचं व्याख्यान दिलं नाही. ज्यांना सुन्नत एवढी प्रिय, त्यांना यातलं काहीच दिसत नाही?

पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेलं. इमारतीला, कमानीला, सालाना जलशाच्या मांडवाला असतात. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे; तिथून शिकलेली, वीस-पंचवीस वर्षं मुलांमध्ये काम केलेली माणसं मुंबई-ठाण्यात आहेत. त्यांना महिन्यातून दोनदा मानधन देऊन बोलवायला किती लागतं? जकातीतून चालेल का, ते मुफ्तीसाहेबांना विचारा. सदक्याला तर अडचण नाही. चामटोलीसारख्या गावातल्या अंगणवाडीताईलाही त्या बैठकीत जागा द्या, कारण गावातलं मूल बोललं तर बहुधा आधी तिच्याशीच बोलेल.

सरकारी बालगृहांसाठी मात्र चंदा गोळा करू नये. ते खर्च महिला व बालविकास विभागाने करायचे आहेत, आणि कॅमेऱ्यांचा आदेश जितक्या घाईने निघाला तितक्याच घाईने हाही निघू शकतो. रुळांवर उतरलेल्यांपैकी शंभर जणांनी तेवढं पत्र लिहावं.