बोटीचे तिकीट आणि वरखर्च



निळा समुद्र, पांढरीशुभ्र उंच बोट, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत 'माणशी फक्त इतके रुपये'. अशा जाहिराती तुम्हीही पाहता. आज मला बोलायचे आहे ते त्या 'फक्त'बद्दल. अलीकडच्या पत्रांत बोटीच्या सफरीची विचारणा बरीच आहे. नाशिकच्या एक भगिनी लिहितात, "यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून म्हणतात, पैसे आम्ही देतो, तू जाऊन ये. पण मी एकटी म्हटल्यावर तिकीट जवळजवळ दुप्पट सांगतात. असं कसं?" त्यांच्या प्रश्नाकडे येतेच. आधी घरचा हिशेब मांडू या.

बोट आपल्याला नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि पणजीला जाणाऱ्या बोटींत आपल्या आज्या-मावश्या वळकटी आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन डेकवर झोपून गेल्या आहेत. त्या बोटी गावाला पोचवायच्या. हल्लीची क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, पोचणं दुय्यम. मुंबईहून गोव्याला 'आंग्रिया' ऑक्टोबर २०१८ मध्ये निघाली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागली. कोणी सिंगापूरहून बोट धरतात, कोणी मुलांकडे अमेरिकेला गेल्यावर अलास्का करून येतात. समुद्र वेगळा, नाणं वेगळं. हिशेबाची रीत मात्र तीच.

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, पण दोघं एका केबिनमध्ये राहणार असं धरून. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरवर्गाची बक्षिसी. ही बक्षिसी आपल्या मनावर नसते, ती रोजची आणि माणशी लागते. अमेरिकी कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर आहे. आठवडाभराच्या सफरीत नवरा-बायकोचे सव्वादोनशे ते पावणेतीनशे डॉलर नुसते बक्षिसीचे झाले! काही कंपन्या ती तिकिटातच धरतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, "सगळं धरून शेवटचा आकडा सांगा." आणि तो कागदावर मागायचा. तोंडी सांगितलेला आकडा वाण्याच्या वहीत चालतो, इथे नाही.

समजा, तीन रात्रींचे माणशी २०,००० सांगितले. हे आकडे फक्त समजण्यापुरते घ्या. दोघांचे ४०,०००. वर शुल्क, कर, बक्षिसी माणशी ५,५०० धरा, म्हणजे ५१,०००. तुम्ही कोल्हापूरच्या असाल तर मुंबईपर्यंत जाणं-येणं आणि एक मुक्काम, ६,०००. बोटीवर किरकोळ म्हणून होणारा खर्च, ज्याला किरकोळ म्हणायची पद्धत आहे, ८,०००. झाले ६५,०००. चाळीसवर पंचवीस चढले की नाही? शिवाय रात्री तीन म्हणजे दिवस चार नव्हेत. पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार उलटते आणि शेवटच्या सकाळी न्याहारी झाली की उतरायचं असतं. हातात खरे अडीच-तीन दिवस पडतात.

आता नाशिकच्या भगिनींचा प्रश्न. कंपनी केबिन विकते, माणूस नव्हे. दोघांच्या केबिनमध्ये एकच जण गेला तर दुसऱ्याचं भाडं त्याच्याकडूनच घेतात. कधी दीडपट, पुष्कळदा थेट दुप्पट. बंदराचं शुल्क आणि बक्षिसी मात्र बहुधा एकाच माणसाची लागते. वरच्या हिशेबात एकटीला फक्त बोटीचेच ४५,५०० पडतील, आणि जोडप्यातल्या बाईला २५,५००. धंद्याच्या दृष्टीने यात चूक नसेल. पण ज्या बाईचा जोडीदार गेला, किंवा जिने लग्नच केलं नाही, तिलाच ही समुद्रसफर सगळ्यांत महाग पडावी, हे मला तरी बोचतं. घरात चार माणसं असताना तिला कोणी सफरीला धाडलं नाही, आणि आता सवड मिळाली तर दर दुप्पट!

त्यावर उपाय आहेत. २०१० साली नॉर्वेजियन कंपनीने 'एपिक' बोटीवर एकट्या प्रवाशांसाठी १२८ छोट्या खोल्या केल्या, तेव्हापासून इतर काही कंपन्यांनीही तशी सोय केली. खोल्या थोड्या असतात, लवकर भरतात, आणि कधी कधी साध्या खोलीच्या दुप्पट भाड्याइतक्याच महाग निघतात. दोन्ही दर शेजारी ठेवून बघा. काही कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना रात्रीमागे गुण देतात आणि दुप्पट भाडं भरणाऱ्या एकटीला गुणही दुप्पट. पुन्हा जाणार असाल तरच त्याचा उपयोग. पण खरा उपाय आपला देशी: मैत्रीण. नणंद, विहीणबाई, भिशीतली कोणी, दोघी मिळून खोली घ्या. तिघी असाल तर आणखी बरं, कारण त्याच खोलीतल्या तिसऱ्या माणसाचं भाडं पुष्कळदा कमी असतं. तिसरीला बहुतेक वेळा आगगाडीसारखा वरचा बर्थ मिळतो, तेव्हा जिचे गुडघे धड आहेत तिने तो घ्यावा. हे तिकीट काढण्याआधी ठरवा. बोटीवर ठरवू गेलात तर अबोला घेऊन उतराल. घोरण्याचंही आधीच मोकळेपणी बोलून घ्या.

जिला कोणीच सोबत नाही आणि पैसे आहेत, तिला मी म्हणेन, दुप्पट भरा आणि जा. तेवढ्या पैशांत सोन्याचा एखादा वळसा येईल, तो तुम्ही कपाटातच ठेवाल.

खोली कोणती घ्यावी? सगळ्यांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. बाल्कनीची महाग. दोन-तीन रात्रींसाठी बाल्कनी मला उधळपट्टी वाटते. वरच्या डेकवर समुद्र सगळ्यांना सारखाच दिसतो. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी खिडकीची घ्यावी. बोट लागण्याची भीती असेल तर खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर मागा, तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. आल्याची वडी चघळावी, रिकाम्या पोटी राहू नये, मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावं. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी. आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी घालत नाहीत, ते उगाच नव्हे. तुम्हीही दिवाळीनंतरचे दिवस पाहा.

आता 'फुकट' म्हणून जे मिळतं त्याकडे वळू. तिकिटात मुख्य भोजनगृहातलं जेवण, बुफे, साधा चहा-कॉफी, करमणुकीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे बहुधा धरलेलं असतं. खास उपाहारगृहं, बाटलीबंद शीतपेयं, इंटरनेट, फोटो, मालिश, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. पेयांचं पॅकेज गळ्यात मारायला पाहतात. ते रोजच्या दराने असतं, आणि पुष्कळदा एका खोलीतल्या दोघांनाही घ्यावं लागतं. जी बाई दिवसातून एक लिंबूसरबत पिणार तिने कशाला घ्यावं? जैन जेवण, कांदा-लसूण नको, मधुमेहाचं पथ्य, हे तिकीट काढतानाच लिहून कळवा. भारतीय प्रवाशांच्या बोटींवर त्याची सवय असते, परदेशी बोटींवर सांगितल्यावाचून होत नाही.

माझ्या मते बाईमाणसाची खरी सवलत जाहिरातीत छापलेलीच नसते. तीन दिवस 'आज भाजी काय करू' हे कोणी विचारत नाही, ओटा पुसायचा नसतो, दूध उतू जात नाही. हॉटेलातही हे मिळतं म्हणाल, पण तिथे पुन्हा 'जेवायला कुठे जायचं' हा प्रश्न बाईच्याच गळ्यात येतो. मात्र मुलांमागे तुम्हीच धावायचं आणि यजमानांनी आरामखुर्चीत पडायचं, असं होणार असेल, तर त्या पैशात घरी तीन महिने पोळ्यांना बाई ठेवा. बऱ्याच बोटींवर मुलांसाठी देखरेखीची खोली असते; वयाची अट आणि वेळ विचारून घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला बोटीवर घेत नाहीत, लांबच्या सफरीत वर्षाची अट असते. सफर संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईलाही बहुतेक कंपन्या नेत नाहीत. हे धक्क्यावर कळण्यात अर्थ नाही.

सामानाचं सांगते. घरचा चिवडा, लाडू बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत; कारखान्यातलं बंद पाकीट चालतं. इस्त्री आणि विजेची किटली काढून घेतात, म्हणून चुरगळणार नाहीत अशा साड्या न्या. संध्याकाळी ठेवणीतला पोशाख करायचा असतो तिथे साडीला तोड नाही. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, तेव्हा लोहचुंबकाच्या चार आकड्या नेल्या की पिशव्या, टॉवेल टांगायची सोय होते. मोठी बॅग खोलीत यायला काही तास लागतात. औषधं, कागदपत्रं आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. बोटीवर जुलाब-उलट्यांची जी साथ पसरते, त्या नोरोव्हायरसला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

फोन बोटीवर पाऊल ठेवताच विमानाच्या मोडवर टाका. समुद्रात तो बोटीचं जाळं पकडतो आणि घरी आल्यावर बिल पाहून चक्कर येते. डॉक्टर बोटीवर असतो, पण फुकट नसतो. परदेशी सफरीला प्रवासविमा हवाच. सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत यायचं, तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. परदेशी सहल इथल्या कंपनीकडून घेतली की टीसीएस म्हणून काही रक्कम वर घेतात. तो खर्च नव्हे, आगाऊ आयकर आहे; ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच विवरणपत्र भरून परत मिळतो. तुमच्या नावाने कापला असेल तर उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र टाळू नका, तो परतावा तुमचा आहे.

बोटीवर रोकड बहुधा चालत नाही. खोलीच्या कार्डावर सगळं लिहिलं जातं, आणि सुरुवातीला तुमच्या बँकेच्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे काही दिवस खरोखरच हाताबाहेर असतात. रोज रात्री खर्चाचा तपशील बघा, किराणा वहीत लिहितो तसा. शेवटच्या सकाळी चौकशीच्या खिडकीपाशी ही रांग असते, म्हणून बिल आदल्या संध्याकाळीच मागून घ्या आणि न घेतलेल्या शीतपेयाचे पैसे तिथल्या तिथे काढायला लावा.