ती कुठे आहे, हे कुणीच विचारीत नाही

आपल्या परिसरातील एखादी मुलगी घरी परतली नाही, ही वार्ता पसरू लागली की तिच्यामागोमाग एक प्रश्नही निघतो. 'ती कुठे आहे?' हा तो प्रश्न नव्हे. 'ती कशी होती?' हा तो प्रश्न. ती कुणाशी बोलत असे, कोणत्या गाडीने कामाला जाई, पोशाख कसा करी, मोबाईल किती वेळ कानाला लावी, घरात तिचे कुणाशी पटत नव्हते, याची चौकशी सुरू होते. ही चौकशी स्टेशनवर होते, बाजारात होते, घराच्या ओट्यावर होते आणि, खेदाने लिहावे लागते, रविवारची मिस्सा संपल्यावर देवळाच्या प्रांगणातही होते. संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला असतो. पोलीस ठाण्यात तिची साधी नोंद झालेली नसते. पण तिच्या चारित्र्याचा खटला मात्र संपलेला असतो.

हा निवाडा पाप आहे आणि तो घातकही आहे. पहिली गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आणि विसरलो. आठवी आज्ञा केवळ न्यायालयातील खोट्या साक्षीपुरती नाही. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा नैतिक दोष मनोमन जरी खरा मानला, तरी तो अविचारी निवाडा ठरतो. आणि दोष खरा असला तरी सबळ कारणावाचून तो चारचौघांत उघड करणे ही निंदाच होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पापनिवेदनात आपण चुकलेली रविवारची मिस्सा सांगतो, राग सांगतो. ओट्यावर बसून एका लेकीची अब्रू वाटून खाल्ली, हे सांगणारा क्वचितच भेटतो.

दुसऱ्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या बोलण्याचा परिणाम त्या मुलीच्या जिवावर होतो. मुलगी रात्री घरी आली नाही की आईवडिलांची पावले प्रथम पोलीस ठाण्याकडे वळली पाहिजेत. ती वळत नाहीत. 'लोक काय म्हणतील?' या धाकाने ती आधी नातेवाइकांकडे, मग मैत्रिणींकडे आणि पुष्कळदा रात्रीच्या अंधारात धर्मगुरूंच्या निवासाकडे वळतात. 'फादर, कुणाला सांगू नका', हे त्यांचे पहिले वाक्य असते. शोधाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असलेले पहिले तास अशा रीतीने अब्रू झाकण्यात जातात. हा धाक त्या मातापित्यांच्या मनात कुणी पेरला? तो आपण पेरला, मागच्या खेपेस दुसऱ्या कुणाच्या लेकीविषयी बोलताना.

हा प्रश्न चार-दोन घरांचा आहे असे कुणी समजू नये. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत जी आकडेवारी ठेवली, तिच्यानुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात अठरा वर्षांवरील १०,६१,६४८ स्त्रिया आणि त्याखालील २,५१,४३० मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. एकट्या महाराष्ट्रात ही संख्या १,७८,४०० स्त्रिया आणि १३,०३३ मुली इतकी होती. म्हणजे आपल्या राज्यात दररोज सुमारे पावणेदोनशे. यांपैकी अनेकजणी पुढे सापडतात, परततात, हे खरे. पण ज्या परतत नाहीत त्यांच्यासाठी हा समाज किती वेळ थांबतो? वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक लहानसे छायाचित्र येते, उंची आणि वर्ण येतो, अंगावर कोणत्या रंगाचे कपडे होते ते येते. पान उलटते आणि ती दुसऱ्यांदा हरवते.

मात्र या लाखांतून कधी एखादी अशी निघते की तिच्यावरून महिनोन् महिने दृष्टी हटत नाही. वसईच्या वाचकांना २०२२ सालचे ते प्रकरण सांगावयास नको. त्या तरुणीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ते इतक्यांनी इतक्या वेळा ओरडून झाले आहे की आता तिला थोडी शांतता लाभावी. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिची हत्या झाली. तिचा फोन बंद असल्याचे एका मित्राच्या ध्यानात आल्यावर तिच्या वडिलांनी वसईत ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली आणि नोव्हेंबरमध्ये तिच्याबरोबर राहणाऱ्या तरुणाला अटक झाली. त्याने आरोप नाकबूल केले असून त्याचा दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे, माझे नव्हे. मला बोलावयाचे आहे ते आपल्याविषयी.

ती गेल्याचे उघड होताच चर्चा कशाची झाली? ती लग्नावाचून का राहत होती, घर सोडून का गेली, वडिलांचे का ऐकले नाही! केंद्रातील एका राज्यमंत्र्यांनी तर अशा घटनांचा दोष सुशिक्षित मुलींच्याच माथी मारला. त्याच दिवसांत एक कागद समोर आला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधी, तिने नालासोपाऱ्याच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. तो आपल्याला मारहाण करतो आणि ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असे तिने त्यात कळविले होते. पुढे तिने ती तक्रार मागे घेतली. झाले! 'तिनेच मागे घेतली', असे म्हणून आपण हात झटकले. पण मार खाणारी स्त्री तक्रार का मागे घेते, हे ज्या धर्मगुरूने दहा कुटुंबांतले तंटे ऐकले असतील त्याला विचारा. तिला परतावयास घर उरलेले नसते. उंबऱ्यावर उभी राहिली तर 'तुला सांगितले नव्हते का?' हे शब्द आधी कानी पडतील, हे तिला ठाऊक असते. त्या दुःखी पित्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याने लेकीच्या अवशेषांवर अंत्यसंस्कार करता यावेत म्हणून वाट पाहिली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वाट पाहतच त्याने डोळे मिटले. घर सोडलेली लेक आपल्याला मेली, असे म्हणण्याची जी रीत आपण सर्वांनी चालविली आहे, तिला मी दोष देतो. आपण जिला जिवंतपणी मेलेली ठरवितो, ती खरोखर मेली तरी महिनोन् महिने कुणाला कळत नाही.

आणि दूरचित्रवाहिन्या? त्यांनी त्या अभागिनीचे आणखी तुकडे केले. शीतकपाटाची चित्रे, हत्यारांची चित्रे, जंगलाचे नकाशे रात्रंदिवस दाखविले. अखेर एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आरोपपत्रातील मजकूर वाहिन्यांवर दाखविण्यास मनाई करावी लागली. कुणी तिला धर्माधर्मांतील वैराचे निशाण केले, कुणी आधुनिक शिक्षणाविरुद्धचा दाखला केले. एक मुलगी म्हणून ती कुणालाच नको होती.

हे सारे पाहताना मला पवित्र शास्त्रातील एक काळाकुट्ट अध्याय आठवतो. मिस्सेतील वाचनांत तो येत नाही, म्हणून पुष्कळांना माहीत नसेल. शास्ते या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एका लेवीच्या उपपत्नीची हकीकत आहे. तिलाही नाव नाही. ती नवऱ्याचे घर सोडून बेथलेहेमला माहेरी गेली. का गेली? हिब्रू पाठ तिच्यावर व्यभिचाराचा ठपका ठेवतो. प्राचीन ग्रीक भाषांतराच्या एका पाठात ती रागावून गेली असे आहे. पाहा, तेव्हापासून ओट्यावरचा वाद तोच आहे! नवरा तिला परत घेऊन निघाला. गिबा नगरात गुंडांनी घराला वेढा दिला तेव्हा स्वतःचा जीव वाचविण्यासाठी त्याने तिलाच बाहेर ढकलले. पहाटे ती दारात पडलेली आढळली, हात उंबऱ्यावर. त्याने तिच्या देहाचे बारा तुकडे केले आणि इस्राएलच्या साऱ्या प्रांतांत धाडले. राष्ट्र खवळून उठले. सभेपुढे त्याने हकीकत सांगितली. तिला बाहेर आपणच ढकलले, एवढे मात्र तो सांगावयास विसरला.

पुढे काय झाले? तिच्या नावाने युद्ध पेटले आणि बेन्यामीनचा वंश जवळजवळ नष्ट झाला. मग त्या वंशाला बायका हव्यात म्हणून याबेश-गिलाद येथील चारशे कुमारिका धरून आणल्या आणि उरलेल्यांसाठी शिलोच्या उत्सवात नाचणाऱ्या मुली पळविण्याची मुभा दिली. एका स्त्रीवरील अत्याचाराच्या संतापातून शेकडो मुली बेपत्ता झाल्या! संताप म्हणजे न्याय नव्हे, हे शास्त्राने यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे? तिचे तुकडे घरोघर पोहोचले. पण तिच्यासाठी कुणी रडल्याची नोंद त्या अध्यायात नाही.

येथे काही पालक म्हणतील, 'फादर, मग मुलींना सावध करू नये का? लग्नाच्या पावित्र्याविषयी बोलू नये का?' अवश्य बोलावे. मीही बोलतो आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणीतील एक अक्षरही मी कमी करीत नाही. परंतु जिवंत मुलीला प्रेमाने सावध करणे वेगळे आणि हरवलेल्या मुलीच्या अनुपस्थितीत तिचे पाढे वाचणे वेगळे. पहिल्याने मुलगी घराशी जोडलेली राहते. दुसऱ्याने आपल्या घरातील इतर मुली एकच धडा शिकतात: संकटात सापडलो तर या लोकांना सांगावयाचे नाही. आणि ती चुकली होती असे क्षणभर धरले, तरी चुकीची शिक्षा मरण आहे काय? शंभरांतले एक मेंढरू हरवले तेव्हा ते कुंपणाबाहेर का गेले, याची चौकशी मेंढपाळाने केली नाही. तो शोधावयास निघाला.

दुसऱ्यांकडे बोट दाखविताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. २७ मार्च १९९२ रोजी कोट्टायम येथील कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अभया पहाटे दिसेनाशा झाल्या आणि विहिरीत त्यांचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आणि नंतर राज्याच्या गुन्हे शाखेने ती आत्महत्या ठरविली. 'मनाने कमकुवत असेल', असे म्हणणे किती सोयीचे होते! तिच्या आईवडिलांना मात्र ते पटले नाही. डिसेंबर २०२० मध्ये विशेष न्यायालयाने एक धर्मगुरू आणि एक धर्मभगिनी यांना जन्मठेप सुनावली. जून २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय होईपर्यंत शिक्षा स्थगित केली. अंतिम सत्य न्यायालय सांगेल. पण एका तरुण धर्मभगिनीच्या मृत्यूविषयी पहिल्या दिवसापासून सर्वांत मोठ्याने प्रश्न विचारणारे आपण असावयास हवे होते. तसे आपण नव्हतो. आणि याच प्रकरणाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. आरोपी धर्मभगिनीची २००८ मध्ये कौमार्य चाचणी करण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशी चाचणी घटनाबाह्य ठरविली. मृत असो वा आरोपी, स्त्री म्हटली की प्रथम तिचे चारित्र्य तपासावयाचे, ही आपली सवय किती खोल गेली आहे!

आपल्यापुढे आदर्श नाहीत असे नाही. दानीएलच्या ग्रंथातील सुझानेवर दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी आरोप केला आणि साऱ्या मंडळीने केवळ त्यांच्या मानापोटी तो खरा मानला. दानीएलने काय केले? दोघांना वेगळे काढून, ती कोणत्या झाडाखाली होती, एवढे विचारले. दोघांनी दोन झाडे सांगितली. एका साध्या प्रश्नाने एक जीव वाचला. आणि संत योसेफ! मरियेविषयी जे दिसत होते ते तिच्या विरुद्ध होते, नियमशास्त्र त्याच्या बाजूला होते, गाव त्याच्या शब्दाची वाट पाहत असावे. तरी तिची बेअब्रू करावयाची नाही, असे त्याने ठरविले. आणि हे त्याने देवदूताने स्वप्नात खुलासा करण्यापूर्वी ठरविले. शुभवर्तमान त्याला नीतिमान म्हणते ते याच ठिकाणी.

म्हणून माझे मागणे साधे आहे. घरातील कुणी परतले नाही तर त्याच घटकेला पोलीस ठाणे गाठावे. चोवीस तास थांबावे असा कोणताही कायदा नाही. ११२ हा क्रमांक मुलामुलींना पाठ असावा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर गुन्हा नोंदवूनच तपास झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे; तो हक्क मागावा. आईबाप एकटे जाण्यास कचरत असतील तर धर्मगुरूने, धर्मग्राम परिषदेच्या सदस्याने बरोबर जावे. तिचे छायाचित्र शोधासाठी जरूर पाठवावे, पण त्याखाली आलेली कुजबूज आपल्या मोबाईलवरून पुढे जाऊ देऊ नये. आणि ती परतली तर? तर जाब विचारण्यापूर्वी तिला जेवू घालावे. उधळ्या पुत्राच्या पित्याने तेच केले होते. त्याने पुत्राचे पाठ केलेले भाषणही पुरे होऊ दिले नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर प्रांगणात कुणी हलक्या आवाजात विचारील, 'ती अमक्याची मुलगी कशी होती हो?' त्या वेळी आपल्यापैकी एकाने तरी मोठ्याने विचारावे, 'ती कुठे आहे? तिला शोधावयास कोण निघाले आहे?'