नक्कल नव्हे, नमस्कार
१९७० च्या दशकात रोलेक्सने ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्या जवानांसाठी ‘सबमरीनर’ घड्याळे खास घडवली. तलवारीसारखे काटे, फिरत्या कड्यावर ६० मिनिटांच्या खुणा, पट्टा निसटू नये म्हणून कायमच्या जोडलेल्या दांड्या. लिलावात त्यांना १ लाख पौंडांहून अधिक किंमत आली आहे. माझ्यासारख्याने ती नुसती पाहावीत! म्हणून सुटे भाग जमवून, सेइकोचे ‘एनएच ३५’ यंत्र बसवून मी तसेच एक घड्याळ जुळवले. तबकडीवर मात्र रोलेक्सचे नाव घातले नाही आणि वर्तुळातला ‘टी’ही नाही. तो ‘टी’ म्हणजे अंधारात खुणा उजळवणाऱ्या किरणोत्सर्गी ट्रिटियमची ग्वाही. माझ्या घड्याळात ट्रिटियम नाही. उद्या ते दुसऱ्याच्या मनगटावर गेले, तर त्याची फसवणूक होऊ नये, एवढे तरी मी पाहायला हवे.