पायताण आणि परकी पेढी

बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि खिळ्याचा संपूर्ण अभाव, ही ज्या पायताणाची लक्षणे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील पोरासोरांनाही ठाऊक आहेत, तसलेच पायताण जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन पेढीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापूरचा नामोल्लेखही न करता मांडले, तेव्हा संस्कृती हेही अर्थोत्पादनाचे साधन आहे, याचा प्रत्यय आपणांस परक्यांकडून यावा, हे आपल्या उदासीनतेचेच निदर्शक होय. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांस 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेसाठी भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली खरी. परंतु तिचा अंमल देशाच्या सरहद्दीपाशी संपतो, आणि निषेधाच्या खलित्यांनी फार तर श्रेयाची कबुली पदरात पडते, कारागिराच्या घरी दाम येत नाही. म्हणून सरकारने परदेशांतही या नावाची नोंदणी करावी, प्रत्येक कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून दप्तरी चढवावा, आणि विदेशी पेढ्यांशी होणाऱ्या करारनाम्यांत त्याचा मोबदला आधी व गौरवाची वाक्ये मागाहून लिहावीत. कारण जिच्यावर वारसांचे पोट भरत नाही, ती परंपरा पुढच्या पिढीने का चालवावी, याचे उत्तर कोणत्याही राष्ट्राभिमानापाशी नाही.