यंत्राच्या हाती पांढरी काठी

ब्राउझरमध्ये उघडलेल्या कोणत्याही पानावर माऊसचे उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' हा पर्याय निवडला, की त्या पानाचा सांगाडा बाजूच्या चौकटीत उलगडतो. पानाच्या पोटात विभाग, विभागाच्या पोटात मथळा, परिच्छेद, दुवा, बटण अशी वंशवृक्षासारखी ही मांडणी असते. २००६ साली 'फायरफॉक्स'साठी आलेल्या 'फायरबग'ने हे तपासणीचे साधन संकेतस्थळे घडवणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आणले. तेव्हापासून ते माणसांचेच हत्यार होते. २०२५ मध्ये मात्र ते यंत्राच्या हाती गेले. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्लेराइट' आणि सप्टेंबरमध्ये गूगलने 'क्रोम'ची तपासणी-साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंट' प्रणालींना थेट जोडता येतील, अशी सोय केली.

याची गरज का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. एजंट म्हणजे केवळ प्रश्नांची उत्तरे देणारी प्रणाली नव्हे. ती वापरकर्त्याच्या वतीने अर्ज भरते, तिकीट काढते, खरेदी करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आणि जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने असे जे प्रयोग जनतेसमोर आणले, त्यांत यंत्र पडद्याचे छायाचित्र पाहून माऊस कुठे न्यायचा ते ठरवीत असे. ही पद्धत संथ आणि खर्चिक. शिवाय अंदाज थोडा चुकला, की 'रद्द करा'ऐवजी 'पैसे भरा' दाबले जाण्याची भीती. त्यामुळे चित्राऐवजी सांगाडाच वाचायला द्यावा, हा विचार पुढे आला. संपूर्ण सांगाडा अवाढव्य असतो, म्हणून त्यातून गाळलेला एक सुटसुटीत वृक्ष एजंटला दिला जातो. त्यात प्रत्येक घटकाची भूमिका आणि नाव एवढेच असते : हे बटण, नाव 'पुढे जा', ही रिकामी चौकट, नाव 'जन्मतारीख'.

हा वृक्ष मुळात एजंटसाठी जन्माला आलेला नाही. तो आहे अंध व्यक्ती वापरत असलेल्या 'स्क्रीन रीडर'साठी. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या या प्रणालीला बटण कोणते आणि शोभेची चौकट कोणती, हे कळावे यासाठी ब्राउझर तो तयार करतात. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे 'डब्ल्यूथ्रीसी' या संस्थेने १९९९ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्यांकडे किती लक्ष दिले गेले? 'वेबएम' ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे तपासते. २०१९ मध्ये त्यांपैकी ९७.८ टक्के पानांत आपोआप पकडता येतील असे दोष आढळले; २०२५ मध्ये हे प्रमाण ९४.८ टक्के होते. सहा वर्षांत तीन टक्क्यांची प्रगती!

दोष तरी कसले? बटण म्हणून नुसती रंगीत चौकट काढायची आणि ते बटण आहे हे संहितेत कुठेच नोंदवायचे नाही. चित्राला वर्णन द्यायचे नाही. रकान्याला नाव द्यायचे नाही. मराठीत यात आणखी भर पडते. पान मराठीत आणि त्याची भाषा 'इंग्रजी' अशी नोंदवलेली असली, तर वाचक-प्रणाली देवनागरीचा उच्चार धड करू शकत नाही. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला जुना मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, यंत्राला मात्र तो रोमन अक्षरांचा काला असतो. स्कॅन करून चढवलेले परिपत्रक तर निव्वळ छायाचित्र.

डोळस वापरकर्त्याला यातले काहीच जाणवत नव्हते. आता त्याचाच एजंट त्या बटणापाशी अडखळू लागला आहे आणि दुकानदाराला गिऱ्हाईक गमावण्याची धास्ती वाटू लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'अॅटलस' ब्राउझर बाजारात आणताना ओपनएआयने संकेतस्थळचालकांना जो सल्ला दिला, तो सुगम्यतेच्या खुणा पानात घालण्याचाच होता. अंधांच्या संघटना वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या होत्या.

भारतात तर हा कायद्याचा विषय आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. सेवा पुरवणाऱ्यांना त्याने दोन वर्षांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि संकेतस्थळांचे ठरावीक काळाने सुगम्यता-परीक्षण करण्याचे आदेश दिले. निमित्त होते 'केवायसी'चे : अॅसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला डोळ्यांची उघडझाप करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करा, असे यंत्र सांगत होते.

सांगाडा वाचणाऱ्या यंत्राला धोकेही आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली सूचना माणसाला दिसत नाही, एजंट ती वाचतो आणि मालकाची आज्ञा समजून पाळूही शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये 'ब्रेव्ह' कंपनीच्या संशोधकांनी 'पर्प्लेक्सिटी'च्या 'कॉमेट' ब्राउझरमध्ये पानावरील अशाच छुप्या मजकुराने एजंटची दिशाभूल करता येते, हे दाखवून दिले होते. लॉगिन केलेल्या ब्राउझरच्या तपासणी-साधनांची किल्ली एजंटकडे देणे म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगाच देणे होय.

तथापि अंध वापरकर्त्यांच्या दृष्टीने अधिक चिंतेची बाब वेगळीच आहे. एजंटला पान वाचायला लावण्याऐवजी संकेतस्थळानेच त्याच्यासाठी स्वतंत्र आज्ञा उपलब्ध करून द्याव्यात, असा 'वेबएमसीपी' हा प्रस्ताव २०२५ मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मांडला. तांत्रिकदृष्ट्या तो सरस आहे. पण यंत्रासाठी मागच्या बाजूला वेगळा दरवाजा झाला, की पुढच्या दाराशी उतरण बांधण्याचे व्यापारी कारण संपते. मग उरतो तो कायदा आणि न्यायालयाने सांगितलेले परीक्षण. ते कोण करते आणि त्याचे अहवाल जाहीर होतात की नाही, हे पाहण्याचे काम नागरिकांकडे आणि दिव्यांग आयुक्तांकडेच राहील.