शर्यतीच्या मार्गाची शिस्त आणि काशीचा नावाडी

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीत उभारलेला भोसले घाट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला आपला वाटतो. त्याच्या पायऱ्यांवर बसून घटकाभर गंगेकडे पाहावे. वल्ह्यांच्या होड्या, मोटारबोटी, दुमजली बजरे आणि क्रूझ ही सारी एकाच पाण्यातून, आपापल्या वेगाने आणि दोन्ही दिशांनी जात असतात. जितक्या फेऱ्या तितकी कमाई, या हिशेबामुळे पुढे काढण्याची चढाओढ लागते. शर्यतीचा मार्ग आपण खुला केला आहे. शर्यतीचे नियम मात्र केलेले नाहीत.

सर्वसामान्य वाहनचालकांसाठी खुल्या असणाऱ्या शर्यतमार्गांवर काय होते ते पाहावे. चालकाला आधी सूचना ऐकाव्या लागतात. शिरस्त्राणाविना प्रवेश नसतो. मंद व वेगवान चालकांचे गट वेगळे सोडतात. अनेक ठिकाणी ठरलेल्या जागीच आणि पुढच्याने खूण केल्यावरच त्याला ओलांडता येते. लाल निशाण दिसले की सर्वांनी थांबायचे. हौसेसाठी वेगाने धावणाऱ्यांना एवढी शिस्त लागते; मग पोटासाठी दिवसभर पाण्यावर असणाऱ्या नावाड्याला ती नको, असे कोणत्या तर्काने ठरले?

नेहमीचे उत्तर असे की, नावाडी पिढीजात पोहणारे आहेत. हे उत्तर फसवे आहे. धडकेत डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या माणसाला पोहता येत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. प्रवाशांना जाकिटे वाटणारा नावाडी स्वतः बहुधा सदऱ्यावरच असतो, आणि तपासणीसही प्रवाशांचीच जाकिटे मोजतो.

मुंबईचे उदाहरण ताजे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर, इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. १५ जीव गेले. मृतांत चाचणीच्या नौकेवरील माणसेही होती. त्यानंतर जाकिटांची सक्ती झाली. ती योग्यच, पण वेगाची चाचणी आणि प्रवासी वाहतूक एकाच पाण्यात का, हा मूळ प्रश्न जाकिटाने सुटत नाही.

कायद्याची उणीव आहे, असेही नाही. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ आला. नोंदणी, तपासणी, विमा, चालकाचे प्रमाणपत्र हे सर्व त्यात आहे. बिनयांत्रिक होड्यांचाही विचार आहे. उणीव आहे ती घाटावरच्या अंमलाची. प्रस्तुत लेखकाच्या मते चार गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत :

१) तरंगत्या खुणा टाकून वल्ह्यांच्या होड्यांना काठाजवळचा व यांत्रिक बोटींना बाहेरचा पट्टा द्यावा; जाण्या-येण्याच्या बाजू ठरवाव्यात.
२) घाटांसमोर वेगमर्यादा असावी, आणि ओलांडणाऱ्यानेच दूर राहण्याची जबाबदारी घ्यावी. समुद्रावर हा नियम आंतरराष्ट्रीय आहे.
३) चालकालाही जाकीट सक्तीचे असावे, जेथे शक्य तेथे तो पाण्यात पडताच इंजिन बंद करणारी, त्याच्या अंगाला दोरीने जोडलेली कळ बसवावी.
४) देवदीपावलीसारख्या गर्दीच्या दिवशी पाण्यावर निशाणधारी रक्षक असावेत, आणि त्यांनी खूण करताच सर्व बोटी थांबाव्यात.

यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. लागते ती एका अधिकाऱ्याने अंगावर घेतलेली जबाबदारी. आज महानगरपालिका, जलपोलीस व परवाना अधिकारी यांच्यात ती इतकी वाटली जाते की अपघातानंतर कोणाकडेच सापडत नाही.

शेवटी, वाचकहो, थोडे आपल्याविषयी. ‘भैया, ज़रा जल्दी चलो’ असे त्या नावाड्याला सांगणारे आपणच असतो, आणि भाड्यात घासाघीस करून त्याला आणखी एक फेरी मारायला लावणारेही आपणच. पुढच्या खेपेस होडीत बसताना आपले जाकीट बांधावे, आणि त्याचे कुठे आहे तेही विचारावे. प्रशासनाने न विचारलेला हा प्रश्न पुरेशा प्रवाशांनी विचारला, तर प्रशासनालाही तो विचारावाच लागेल.